एवढं जड, हलणार कुठे?

प्रश्न : भांडुपला आमचा वॉशर आणि ब्रॅकेट बनवायचा छोटा गाळा आहे. भोसरीत एक जुना पॉवर प्रेस (पत्रा कापायचं-दाबायचं मशिन) घेतलाय, वजन ८ टन. ट्रेलर सपाट आहे, फाळके नाहीत. ट्रेलरवाला म्हणतो, "ताई, वरून दोन पट्टे मारतो, एवढं जड धूड हलणार कुठे?" आमचे हे म्हणतात, त्याचा रोजचा धंदा आहे, त्याला कळतं. मला मात्र खंडाळ्याचा उतार दिसतो. कोणाचं बरोबर?

उत्तर : ताई, तुमचं. दारूखान्यात आणि नंतर न्हावा-शेव्याला मिळून ३१ वर्षं मी मुकादमी केली. "हलणार कुठे" हे वाक्य त्यात रोज ऐकलं.

जड वस्तू ट्रेलरच्या पत्र्यावर जास्त दाबून बसते, हे खरं आहे. पण ब्रेक लागला की पुढे जायची तिची ओढही तेवढ्याच पटीनं वाढते. त्यामुळे पत्रा तोच आणि ब्रेकही तोच असेल, तर ८ टनांचा प्रेस आणि ८ किलोची लोखंडी शेगडी एकाच वेळी सरकायला लागतात. शेगडी आपण पायानं अडवू शकतो, एवढाच काय तो फरक.

आता तुमच्या प्रेसचाच हिशेब करू. करकचून ब्रेक लागला तर मालाच्या वजनाच्या ८० टक्के जोर पुढे येतो असं धरून बांधायचं, असं युरोपचं मालबांधणीचं मानक सांगतं. बाजूंना आणि मागे ५० टक्के. म्हणजे पुढच्या बाजूला ६.४ टन अडवायचे. ट्रेलरचा पत्रा तेलकट असणार, आणि भोसरीतून निघालेल्या मशिनचा तळ तेलकट नसेल तर मी मिशी उतरवीन. अशा पत्र्यावर घर्षण फार तर दीड टन अडवेल. उरले जवळजवळ ५ टन.

ते दोन पट्टे अडवतील? पट्ट्यावर "५ टन" छापलेलं असतं, तिथेच माणूस फसतो. तो पट्टा किती ओढ सोसेल, त्याचा तो आकडा. हातानं रॅचेट (पट्टा आवळायचा खटका) मारून आपण त्यात ताण भरतो तो ३००-४०० किलोचाच. वरून टाकलेला पट्टा दोन्ही बाजूंनी मिळून माल ८०० किलोनं दाबतो, आणि तेलकट पत्र्यावर त्यातून मिळणारी अडवणूक १६० किलो. दोन पट्ट्यांची ३२०. पाहिजेत ५ टन! शिवाय पट्टा उभा न उतरता तिरका, जमिनीशी ३० अंशांत गेला, तर दाब निम्माच.

म्हणून पट्ट्यांची संख्या वाढवण्याआधी तळ बघा. पत्रा आणि प्रेसचा तळ रॉकेल लावून पुसायला सांगा आणि मध्ये जाड, खरबरीत रबरी मॅट घाला. माल सरकू नये म्हणून खास बनवलेली मॅट असली की एकट्या घर्षणानं सुमारे पावणेपाच टन अडतात. हायड्रा क्रेनवाल्याचं एक तासाचं भाडं देताना आपण कुरकुरत नाही, मग मॅटसाठी कशाला कुरकुरायचं?

उरलेलं काम साखळ्यांचं. प्रेसच्या पायाच्या भोकांत डी-शॅकल (डीच्या आकाराची लोखंडी कडी) घालून चार साखळ्या चार कोपऱ्यांना, दोन पुढे ओढणाऱ्या आणि दोन मागे. त्या दोर अडकवायच्या बारक्या हुकांना नाही, चासीच्या बीमला. पुढच्या बाजूला तळाशी लाकडाचे ठोकळे पत्र्याला पक्के करायचे. नुसती पाचर मारली तर ती पहिल्या खड्ड्यातच उडते.

तुमच्या मशिनची आणखी एक खोड आहे. फ्लायव्हील, मोटर, क्रँक सगळं वर, म्हणजे सरकण्याआधी ते कलंडू शकतं. विकणारा हो म्हणत असेल तर तेल काढून, ओंडक्यांवर आडवं निजवून आणा. उभंच आणायचं असेल तर रॅम (वर-खाली होणारा दट्ट्या) खाली आणून मध्ये लाकडी ठोकळा ठेवा, आणि वरच्या अंगालाही दोन्ही बाजूंनी साखळ्या घ्या. धारदार कडेवरून पट्टा जात असेल तर खाली जाड रबर किंवा कडेवर बसणारा कोन घाला, नाहीतर घाटातल्या थरथरीनं पट्टा कापला जातो.

पट्टे आणि साखळ्या सुरुवातीच्या काही किलोमीटरांतच सैल पडतात, कारण माल आणि लाकूड बसतं. म्हणून उर्से टोलनाक्याशी एकदा गाडी बाजूला घेऊन सगळं पुन्हा आवळायचं. उतार लागल्यावर आठवण होऊन उपयोग नाही.

१९९७ च्या पावसाळ्यात कॉटन ग्रीनला आमच्या गाडीनं ब्रेक मारला होता, वेग असेल २०-२५ चा. वरचा एक पाईप केबिनची मागची भिंत फोडून आत आला. क्लीनर नुकताच चहाचे पैसे द्यायला उतरला होता. त्याचा जेवणाचा डबा पाईपच्या आत सापडला, चेपलेला. तो पाईप बांधा म्हणून सांगणाऱ्याला त्या दिवशी "वेळ नाही" असं मीच म्हटलं होतं.

प्रश्न : टेम्पोच्या मागे पाच फूट सळया बाहेर राहतात. लाल फडकं बांधलं तर चालेल ना? (वाचक, कुर्ला)

उत्तर : नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४(१अ) खाली हद्दीबाहेर निघालेल्या मालाला २०,००० रुपये दंड, वर तो उतरवायचा खर्च तुमच्याच माथी. आणि रात्री फडकं दिसतं कुणाला? दुचाकीवाल्याला दिसते ती समोरची लाईट, सळईचं टोक नाही. सळया दुकानातच कापून घ्या, नाहीतर लांब गाडी मागवा.