सगळं गाव ओळखतं, मग न सांगता फोटो कसा काढायचा?

प्रश्न : मी वाईची, वय २३. रस्त्यावरचे, माणसांच्या नकळत टिपलेले कृष्णधवल फोटो मला फार आवडतात. पण कॅमेरा गळ्यात अडकवून गणपती आळीत शिरले की दहा पावलांवर कुणीतरी हाक मारतंच, "अगं, आमचा पण काढ की!" मग केस सारखे करून सगळे ताठ उभे राहतात. जिथं कुणी ओळखत नाही अशा मोठ्या शहरातच हे जमतं का? की लपून काढावेत? — एक वाचक, वाई

उत्तर : तुमच्या गावात मी आठ वर्षं चित्रकला शिकवायला होतो. तेव्हा महिन्याला ३६ फोटोंचा एक रोल परवडायचा आणि तो न्हाणीघरात, खिडकीला घोंगडी लावून धुवायचा. पहिल्या वर्षीच्या जवळजवळ सगळ्या रोलांवर तुम्ही म्हणता तशीच ताठ उभी माणसं आहेत.

लपू नका. रस्त्यावरच्या फोटोंसाठी गाजलेला फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याच्या चकचकीत भागांवर काळी पट्टी चिकटवायचा, कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून. त्याला ते शोभलं, कारण तो बहुतेक ठिकाणी परका होता. तुम्ही परक्या नाही. झाडाआडून फोटो घेताना कुणी पाहिलं, तर संध्याकाळपर्यंत ती गोष्ट तुमच्या घरी पोचेल आणि पुढच्या बाजाराला लोक तोंड फिरवतील.

"आमचा काढ" म्हणणाऱ्याचा फोटो आधी काढा. मनापासून, नीट काढा. आणि मग तिथून हलू नका. झालं एकदाचं, असं वाटून माणूस खांदे सोडतो आणि पुन्हा कामाला लागतो. तुम्हाला हवा असलेला फोटो तिथून पुढे सुरू होतो. बाजाराच्या दिवशी एक कासार बांगड्या भरायला बसायचे. मी सलग तीन बाजार त्यांच्या शेजारच्या पायरीवर नुसता बसलो. चौथ्या बाजाराला "मास्तर, सरका जरा" एवढंच म्हणाले आणि समोरच्या बाईचा हात हातात घेतला. बांगडी अंगठ्याच्या सांध्यावरून उतरताना त्या बाईचे डोळे घट्ट मिटले, मागे उभ्या असलेल्या तिच्या मुलीनंही मिटले. तो फोटो अजून माझ्या भिंतीवर आहे.

दुसरं, फोटो परत नेऊन द्या. मोबाइलवर पाठवू नका, कागदावर छापून हातात द्या. पोस्टकार्डाएवढी प्रिंट पुरते. एका न्हाव्याला दिलेली प्रिंट त्यांनी आरशाच्या कडेला खोचली, आणि त्यानंतर त्या खुर्चीत दाढीला बसणाऱ्या कुणीच माझ्या कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही.

आता एक गोष्ट सांगतो, ती मला आजही बोचते. बंद दुकानाच्या फळीवर, तोंड उघडं टाकून झोपलेल्या एका माणसाचा फोटो मी काढला होता. दुपारचं ऊन, फळ्यांच्या सावल्या, चेहऱ्यावर निम्मा उजेड. मला तो इतका आवडला की शाळेतल्या प्रदर्शनात सगळ्यात मोठा करून लावला. दुसऱ्या दिवशी सातवीतली एक मुलगी त्याच्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "सर, बाबा रात्रपाळीचे वॉचमन आहेत. ते पीत नाहीत." मी तिथल्या तिथे फोटो उतरवला. मोठ्या शहरात तो कुणीतरी एक झोपलेला माणूस असता. वाईत तो तिचा बाप होता आणि सगळी शाळा त्याला ओळखत होती. तेव्हापासून झोपलेली, रडणारी, घाटावर दहाव्याला बसलेली माणसं मी काढत नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला, तोही लक्षात असू द्या. पण त्या मुलीचा चेहरा मला त्याच्या कितीतरी आधी दिसला होता.

तांत्रिक बाजू थोडक्यात. फुल-फ्रेम कॅमेरा (म्हणजे जुन्या रोलच्या चौकटीएवढा सेन्सर असलेला) आणि ३५ मिमीची लेन्स असेल, तर ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, एफ/८ वर ठेवा आणि फोकस हातानं तीन मीटरवर लावून सोडून द्या. साधारण दोन ते सात मीटरमधलं सगळं स्पष्ट येतं. आळीत तेवढंच अंतर मिळतं, आणि कॅमेरा डोळ्याला लावून फोकस शोधत बसावं लागत नाही. सकाळी लवकर ढोल्या गणपतीच्या घाटावर जा. काळा दगड, ओल्या पायऱ्या, धुणं आपटताना उडणारं पाणी. आणि माघ-फाल्गुनात कृष्णामाईचा उत्सव आला की पंगतीत वाढायला उभ्या राहा. कॅमेरा खांद्याला असू द्या, हातात भाताचं पातेलं घ्या.

प्रश्न : मी मोबाइलवर रंगीत फोटो काढून नंतर कृष्णधवल करतो. सगळं मळकट राखाडी दिसतं. काय चुकतं? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : रंगांनी वेगळ्या वाटणाऱ्या गोष्टी उजेडानं सारख्याच असतात, म्हणून. लाल जास्वंद आणि तिची हिरवी पानं डोळ्यांना किती वेगळी, पण रंग काढला की दोन्ही जवळपास एकाच राखाडीत बुडतात. त्यामुळे फोटो काढायच्या आधीच मोबाइलचा कृष्णधवल फिल्टर लावा, म्हणजे पडद्यावर रंग दिसणारच नाहीत आणि तुम्ही आपोआप सावली शोधायला लागाल. चिपळूणचा पाऊस तर यासाठी वरदानच आहे. काळ्या छत्र्या, चकाकणारा डांबरी रस्ता, मागं धुरकट झालेला डोंगर.

नंतरच्या संपादनात प्रत्येक रंग वेगळा उजळ किंवा गडद करता येतो. देवळाबाहेरच्या हळदी-कुंकवाच्या राशी घ्या. पिवळा वर नेला की हळद पांढरीशुभ्र होते, लाल खाली आणला की कुंकू काळंभोर. मात्र लाल फार खाली नेऊ नका. माणसाच्या कातडीतही लाल असतो, चेहरे काळवंडतात. घरातले खूप जुने फोटो काढून पाहा. पूर्वी फोटो ज्यांवर उमटायचा त्या कित्येक काचांना आणि फिल्मना लाल रंग दिसतच नसे, म्हणून त्यातल्या पणजीचं कुंकू शाईच्या ठिपक्यासारखं दिसतं.