मुलाला नायकापेक्षा खलनायक का आवडतो?

आपण विचारले आहे की, आपला सात वर्षांचा मुलगा प्रत्येक गोष्टीत खलनायकाची बाजू घेतो, यात्रेत राक्षसाचाच मुखवटा मागतो आणि नायक ‘बोअर’ असतो असे म्हणतो, तर यात काळजीचे काही आहे का. मी अमळनेर तालुक्यातील एका खेड्यात बरीच वर्षे प्राथमिक शिक्षक होतो, आणि त्या अनुभवावरून माझे उत्तर ‘बहुधा नाही’ असे आहे.

स्नेहसंमेलनासाठी रामायणातील प्रवेश बसवायचा ठरला की निम्मा वर्ग एकदम ओरडे, “गुरजी, मी रावण व्हसू!” रामासाठी मात्र मुलगा शोधावा लागे. एकदा मी एकाला कारण विचारले, तर तो म्हणाला, “रामले ते गुपचूप उभं ऱ्हावनं पडस.” आम्ही बसवलेल्या प्रवेशापुरते ते अगदी खरे होते. रामाने हात वर करून मंद हसायचे, आणि रावणाने खोक्याच्या पुठ्ठ्याची नऊ डोकी सांभाळत गडगडाटी हसायचे, पाय आपटायचे, मिशीला पीळ द्यायचा, वर सगळ्यांना हुकूम सोडायचे. लोकप्रिय गोष्टींत बहुतेक वेळा कथा सुरू करतो तो खलनायक, कारण त्याला काहीतरी हवे असते आणि तो ते उघडपणे मागतो. नायक पुढे येतो तो त्याला अडवायला. दिवसभर ‘हात लावू नको’, ‘हळू बोल’, ‘तिकडे जाऊ नको’ एवढेच ऐकणाऱ्या मुलाला या दोघांपैकी कोणाचा हेवा वाटेल? शिवाय मुलांसाठी आपण जो नायक रचतो, तो पुष्कळदा आपल्यालाच हवा असलेला आज्ञाधारक मुलगा असतो, आणि ही लबाडी मुलांच्या लगेच लक्षात येते.

याचा पडताळा मला मारुतीने दिला. रावणाच्या खालोखाल भांडणे होत ती मारुतीच्या भूमिकेसाठी. मारुती सज्जनांच्या बाजूचा आहे, पण तो समुद्र ओलांडतो, अशोकवन उद्ध्वस्त करतो, शेपटीने लंका पेटवून देतो. म्हणजे मुलांना ओढ दुष्टपणाची नसून धुमाकुळाची होती.

दुसरे कारण भीतीचे आहे. ‘झोप, नाहीतर बागुलबुवा येईल’ असे म्हणत खलनायकाला घरात आपणच आधी आणतो. बालमनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांनी १९३६ च्या आपल्या पुस्तकात एका लहान मुलीची हकिकत दिली आहे. भुताच्या भीतीने तिला अंधाऱ्या दालनातून जाववत नसे; पुढे ती चित्रविचित्र हातवारे करत तेथून धावू लागली आणि धाकट्या भावालाही तिने सांगितले की, जे भूत भेटेल असे वाटते ते आपणच आहोत असे समजायचे. १९९३ मध्ये ‘झपाटलेला’ आला, त्यानंतर आमच्या शाळेत नेमके हेच दिसले: तात्या विंचूच्या बाहुल्याला रात्री घाबरून आईला बिलगणारी मुले दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत स्वतःच तात्या विंचू होऊन पहिलीच्या पोरांमागे धावत. अर्थात हे आकर्षण वयाने संपते असेही नाही. १९७५ च्या ‘शोले’तील गब्बरसिंग पुढे बिस्किटांच्या जाहिरातीत झळकला, आणि ती बिस्किटे घरी आणणारे मोठेच होते.

खात्री करून घ्यायची असेल, तर मुलाला एवढेच विचारावे की हा खलनायक तुझ्या बाकावर शेजारी बसलेला चालेल का, त्याला आपल्या घरी जेवायला बोलवायचे का. माझ्या वर्गातील रावणभक्त या प्रश्नाला ठाम नकार देत. एकाने तर आपला डबा मागे सरकवला होता. वागण्याची मजा आणि माणसाची निवड या दोन गोष्टी त्यांच्या मनात स्वच्छ वेगळ्या होत्या. खेळ संपल्यावरही मूल दुबळ्याला किंवा मुक्या जनावराला खरोखर दुखवत असेल आणि त्यात त्याला आनंद वाटत असेल, तर मात्र बालमानसतज्ज्ञांना दाखवावे. तो प्रश्न मुखवट्याचा नाही.

तेव्हा पुढच्या यात्रेत राक्षसाचा मुखवटा खुशाल घेऊन द्या. घरी आल्यावर तो आधी कोणाला घाबरवतो ते पाहा. दिवसभर त्याला रागावणारे जे कोणी असेल, त्याचा क्रमांक बहुधा पहिला लागेल, आणि त्या वेळी थोडे खरेच दचकल्यासारखे करावे.