खोली हॉटेलने बदलली, मग ‘पैसे परत नाहीत’ तुम्हाला का?

प्रश्न : मी इंदूरला लोकमान्यनगरात आई-बाबांसोबत राहते. त्यांच्या लग्नाला ५० वर्षं होताहेत म्हणून पुण्याच्या माझ्या दादाने हिमाचलातल्या एका जुन्या, नामांकित हॉटेलात तीन रात्रींचं पॅकेज घेतलं. त्याच शनिवार-रविवारी हॉटेलचा वर्धापनदिन आहे. जुन्या इमारतीचा इतिहास सांगत फिरवणं, बॉलरूममध्ये बँड, जुन्या पद्धतीची मेजवानी असा कार्यक्रम जाहीर झालाय. दोन खोल्यांचे करांसह १,९२,००० रुपये दादाने क्रेडिट कार्डावरून आगाऊ भरले. कन्फर्मेशनमध्ये ‘हेरिटेज विंग, तळमजला, लगतच्या दोन खोल्या’ असं स्पष्ट लिहिलंय. बाबांच्या गुडघ्यांमुळे ते आम्ही मुद्दाम मागून घेतलं होतं. आता १७ दिवस उरले असताना ई-मेल आला, की ‘अपरिहार्य कारणास्तव’ तुमची सोय वरच्या बाजूच्या नव्या इमारतीत केली आहे. मान्य नसेल तर सोबतच्या लिंकवरून बुकिंग रद्द करा, मात्र सोहळ्याचं पॅकेज नॉन-रिफंडेबल आहे. फोनवर तिथला एकजण बोलून गेला, की जुनी विंग एका कंपनीच्या पाहुण्यांना दिली. हॉटेलच्या अटींत ‘सर्व वाद आमच्याच शहरातल्या न्यायालयात’ असंही आहे. दादा म्हणतो चारसोबीसची केस ठोकू. बाबा म्हणतात, जाऊ दे, मिळेल त्या खोलीत राहू. आम्ही काय करावं?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी एक करा. ती लिंक दाबू नका आणि दादालाही आत्ताच फोन करून सांगा की दाबू नकोस. ती दाबली की हॉटेलच्या संगणकात नोंद होईल, ‘ग्राहकाने बुकिंग रद्द केले’. मग पुढे ग्राहक आयोगासमोर, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींच्या न्यायालयासमोर, त्यांचा वकील तेवढा एक कागद पुढे करील आणि तुम्हाला उलटं सिद्ध करत बसावं लागेल. नॉन-रिफंडेबलची अट ग्राहकाचं मन बदललं तर काय, एवढ्यापुरती असते. इथे तुमचं मन बदललेलं नाही. ठरलेली खोली द्यायला हॉटेलने नकार दिलाय. करार त्यांनी मोडला आणि मोडल्याचा दंड मात्र तुमच्याकडून घ्यायचा, असा हा सगळा बेत आहे.

भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम ३९ अगदी अशाच वेळेसाठी आहे. एका पक्षाने करार पूर्ण करायला नकार दिला तर दुसऱ्याला तो संपुष्टात आणता येतो. मात्र त्याने आपल्या शब्दांनी किंवा वागण्याने करार चालू ठेवायला संमती दर्शवली असेल तर नाही. या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे लक्ष द्या. बाबा म्हणतात तसं तुम्ही काहीही न बोलता गेलात, नव्या इमारतीत राहिलात आणि परत आल्यावर तक्रार केलीत, तर हॉटेल म्हणेल की पाहुण्यांनी बदल खुशीने मान्य केला होता. त्यामुळे जायचं की नाही हे तुम्ही घरात बसून ठरवा, तो तुमचा प्रश्न आहे. पण दोन्हीपैकी काहीही गप्प राहून करू नका.

आता पहिला ई-मेल. तो आजच जाऊ द्या, आणि ज्या पत्त्यावरून बुकिंग झालं त्याच पत्त्यावरून, म्हणजे दादाच्या, तुम्हाला प्रत ठेवून. त्यात राग नको, पाल्हाळ नको. अमुक तारखेला अमुक खोल्या तुम्ही लेखी कबूल केल्या, पूर्ण पैसे घेतले. वडिलांच्या गुडघ्यांमुळे जुन्या इमारतीचा तळमजला आम्ही मागून घेतला होता. हा बदल आम्हाला मान्य नाही आणि आम्ही बुकिंग रद्दही केलेलं नाही. ४८ तासांत ठरलेल्या खोल्या कायम असल्याचं कळवा. तसं जमणार नसेल तर नेमकं कारण लेखी द्या आणि करांसकट पूर्ण रक्कम परत करा. बस्स, एवढंच.

कारण लेखी मागायला सांगतोय त्यामागे हेतू आहे. फोनवरच्या माणसाचं बोलणं खरं असेल, तर विंग दुसऱ्याला देणं हा हॉटेलचा व्यवसायातला निर्णय होता. दरड कोसळली, छप्पर गेलं, सरकारने इमारत बंद केली, असं काही असतं तर करार पार पाडणं अशक्य झालं म्हणून त्याच करार अधिनियमाच्या कलम ५६ चा आधार त्यांना घेता आला असता. मोठं गिऱ्हाईक मिळालं म्हणून लहान गिऱ्हाइकाला हलवणं त्यात बसत नाही. खरं कारण लिहून दिलं तर ते अडकतात, नाही दिलं तर त्यांची चुप्पी तुमच्या कामी येते.

पुढचा वाद ते कसा घालतील याचा अंदाज आहे. ‘नवी इमारत जास्त सोयीची आहे, लिफ्ट आहे, खोल्या मोठ्या आहेत, तुमचं नुकसान काय झालं?’ याचं उत्तर तुम्ही त्यांच्याच जाहिरातीतून द्यायचं. शिमला १८६४ मध्ये इंग्रजांची उन्हाळी राजधानी झाली, कालका-शिमला रेल्वे १९०३ मध्ये आली, आणि त्या काळात डोंगरांवर जी हॉटेलं उभी राहिली ती आज विकतात ती त्यांची जुनी इमारत. लाकडी जिने, शेकोटीचे हॉल, बॉलरूम. वर्धापनदिनाच्या पॅकेजचा चढा दर त्या वास्तूत राहण्याचा आहे. मंगल कार्यालय बुक करावं आणि मालकाने आयत्या वेळी पलीकडच्या नव्या शाळेचा हॉल द्यावा, वर म्हणावं इथे पंखे जास्त आहेत, तसं हे आहे. हॉल चांगला असेलही, पण पैसे कशाचे घेतले?

म्हणून पुरावा आत्ताच गोळा करा, उद्यावर टाकू नका. हॉटेलच्या वेबसाइटवरचं सोहळ्याचं पान तारीख-वेळ दिसेल असं स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. अशी पानं वाद सुरू झाला की बदलतात. त्याच तारखांना नव्या इमारतीतली खोली किती दराने विकली जातेय तेही टिपा. हा फरकच उद्या तुमच्या नुकसानीचं माप ठरू शकतो. आणखी एक, दोन-तीन बुकिंग अॅपवर जाऊन बघा, जुन्या विंगच्या खोल्या अजून कुठे विक्रीला दिसतात का. दिसल्या तर तो स्क्रीनशॉट सगळ्यात मोलाचा. दादाच्या मेलबॉक्समधलं मूळ कन्फर्मेशन पुसू नका. त्याची नुसती छापील प्रत पुरेल असं धरून चालू नका. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं, हे कागद अस्सल असल्याचं सांगणारं प्रमाणपत्र इलेक्ट्रॉनिक कागदांना जोडलेलं बरं. ग्राहक आयोग पुराव्याच्या बाबतीत दिवाणी न्यायालयाइतका काटेकोर नसतो, तरी समोरच्याला आयती हरकत कशाला द्या?

जर जायचं ठरलं, आणि मला बाबांचं मन समजतं, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस परत येत नाही, तर निघण्याआधी दुसरा ई-मेल करा : आम्ही येतोय, पण आमचा हक्क राखून, बदललेली खोली आम्ही स्वीकारतोय ती नाइलाजाने. मग रिसेप्शनला नोंदणीचं कार्ड पुढे येईल. प्रवासाने माणूस थकलेला असतो, सामान बाजूला उभं असतं, आई खुर्ची शोधत असते, आणि तो मुलगा हसून म्हणतो, ‘सर, जस्ट साइन हिअर.’ त्या बारीक छापलेल्या मजकुरात दिलेली खोली समाधानाने स्वीकारल्याचं एखादं वाक्य असू शकतं. सही करणाऱ्याने सहीच्या वर हाताने लिहावं, ‘खोली बदलल्याबद्दलची हरकत कायम ठेवून’, आणि लगेच मोबाइलवर त्या कार्डाचा फोटो घ्यावा. भांडण नाही, आवाज चढवणं नाही. सहीवरच्या या एका ओळीवर दावे तरतात. खोलीपासून बॉलरूमपर्यंतचा रस्ता, पायऱ्या, बाबांना न्यायला गाडी लागली तर तिची वेळ, हेही फोटोत येऊ द्या. मग मोकळ्या मनाने मेजवानीला बसा.

जायचंच नाही असं ठरलं, तर ४८ तास संपल्यावर ‘तुम्ही करार मोडलात म्हणून आम्ही तो संपुष्टात आणत आहोत’ असं कळवा. ‘कॅन्सल’ हा शब्द कुठेही येऊ देऊ नका. करार अधिनियमाच्या कलम ७५ प्रमाणे, योग्य कारणाने करार संपवणाऱ्याला तो पुरा न झाल्यामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते. रेल्वेची किंवा विमानाची तिकिटं रद्द करताना कापलेले पैसे त्यात घाला. रक्कम कार्डावरून गेली आहे, तेव्हा दादाने बँकेत व्यवहाराबद्दल हरकत नोंदवावी. तिला मुदत असते, त्यामुळे आठवडे घालवू नयेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही वापरा. तिथे निकाल मिळत नाही, पण कंपनीकडे तक्रार अधिकृतपणे पोचते आणि नावाला जपणारी हॉटेलं पुष्कळदा याच पायरीवर नरमतात.

इंदूरला तक्रार करता येईल का? येईल. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३४ ने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात जाण्याची मुभा दिली. १९८६ च्या जुन्या कायद्यात ही सोय नव्हती. लोकांना हॉटेलच्या नाहीतर कंपनीच्या गावी खेटे घालावे लागत. हा हक्क कायद्याने दिलेला आहे, आणि हॉटेलने स्वतःच छापलेल्या एका अटीने तो जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका बिल्डरच्या प्रकरणात, करारात लवादाचं (वाद न्यायालयाऐवजी खासगी पंचाकडे नेण्याचं) कलम असलं तरी ग्राहकाची आयोगाकडची वाट बंद होत नाही, असं म्हटलंय. आणि दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलातून पाहुण्याची गाडी चोरीला गेली होती, त्या प्रकरणाच्या २०१९ च्या निकालात पार्किंगच्या टोकनावर छापलेल्या ‘मालकाच्या जोखमीवर’ या मजकुराआड स्वतःचा निष्काळजीपणा त्या हॉटेलला लपवता आला नाही.

पैसे पुण्याहून दादाने भरले म्हणून पुण्यालाच जावं लागेल, अशीही भीती नको. पैसे देणाऱ्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणाराही कायद्याच्या व्याख्येत ग्राहक असतो. आई-बाबा आणि तुम्ही लाभार्थी आहात, इंदूरला राहता. तक्रारीत तुम्ही तिघं आणि दादा, चौघांची नावं घाला.

जिल्हा आयोगाची मर्यादा भरलेल्या मोबदल्यावर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. ती ५० लाखांपर्यंत आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी लागत नाही, तेव्हा तुमची तक्रार विनाशुल्क. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल होते, व्हिडिओद्वारे सुनावणीही मागता येते. मसुदा हिंदीत करा, इंदूरच्या आयोगात तेच सोयीचं. मराठी कागद असेल तर भाषांतर जोडा. वकील नसला तरी चालतं.

एक तांत्रिक जागा मात्र अशी आहे की तिथे शिकलेली माणसंही घसरतात. दादा नेटवर वाचून म्हणेल, ‘नॉन-रिफंडेबलची अट अन्यायकारक करार म्हणून रद्दबातल करून मागू.’ २०१९ च्या कायद्यात अन्यायकारक कराराची व्याख्या आहे खरी, पण अशा कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगाकडे जात नाही, ती राज्य आयोगाकडे, म्हणजे तुम्हाला भोपाळला. इंदूरच्या तक्रारीत ती मागणी घातली की हॉटेलचा पहिला आक्षेप अधिकारक्षेत्राचा येईल आणि सहा महिने त्यातच जातील. तुम्ही मागणी ठेवा सेवेतील त्रुटीची आणि अनुचित व्यापारी प्रथेची. अट तिथेच राहू दे. ती या प्रसंगाला लागूच होत नाही, एवढं म्हटलं की पुरे.

मिळेल काय? न गेल्यास रक्कम परत, व्याज, तिकिटांचं नुकसान, मानसिक त्रासाचे थोडे पैसे आणि खर्च, ही न्याय्य मागणी आहे. गेल्यास पूर्ण रक्कम मागू नका, कारण जेवणं झाली, बँड ऐकला. दरातला फरक आणि त्रासाची भरपाई मागा. दहा-वीस लाखांचा आकडा घातला की तक्रारीचं वजन कमी होतं. हॉटेलला लेखी जबाबाला ३० दिवस, फार तर आणखी १५ मिळतात. त्यानंतर जबाब घेतला जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये पक्कं केलंय. कायदा तीन महिन्यांत निकाल म्हणतो, प्रत्यक्षात तयारी जास्त दिवसांची ठेवा.

चारसोबीसचं म्हणाल तर ते आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे, आणि त्यासाठी पैसे घेतानाच फसवण्याचा इरादा होता हे दाखवावं लागतं. तुमच्याकडे लेखी कन्फर्मेशन आहे, मागाहून केलेला बदल आहे. ठाण्यात तुम्हाला ‘दिवाणी मामला’ म्हणून परत पाठवतील. दादाचा संताप रास्त आहे, पण तो तिथे खर्च करू नका. नेटवर अनुभव लिहायचा असेल तर घडलं तेवढंच, कागद जोडून लिहा. मालकाला ‘लुटारू’ वगैरे म्हणालात तर बदनामीची नोटीस तुमच्या दारात येईल.

दादाकडून आत्ताच मागवून ठेवायचे कागद : कार्डाचं स्टेटमेंट, हॉटेलची पावती, आणि ‘हे पैसे मी आई-बाबा व बहिणीच्या मुक्कामासाठी भरले’ असं पुण्यात नोटरी केलेलं शपथपत्र. बाबांच्या गुडघ्यांचे डॉक्टरी कागद तुमच्याकडे असतीलच. बुकिंगआधी तळमजला मागितल्याचा ई-मेल किंवा व्हॉट्सअॅप सापडला तर तो फाइलमध्ये सगळ्यात वर लावा.