जुन्या गाडीचं मोल आणि नवीचा घसारा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

जुन्या गाड्यांच्या वाढत्या किमतींवर बरीच पत्रं आली आहेत. काहींच्या दारात अशी गाडी उभी आहे, काहींना ती घ्यायची आहे, तर काहींना हा सगळा वेडेपणा वाटतो. सारखेच प्रश्न एकत्र करून त्यांतल्या सहांना इथे उत्तरं देतो आहे.

प्रश्न : नवी गाडी शोरूमबाहेर पडली की तिचा भाव उतरतो, हे ठाऊक होतं. पण वडिलांनी तीस वर्षांपूर्वी घेतलेल्या दोन दारांच्या स्पोर्ट्‌स गाडीला आज लोक मूळ किमतीपेक्षा जास्त पैसे द्यायला तयार आहेत. हे गणित नेमकं काय आहे?

नवी गाडी घेताना आपण तिच्या नवेपणाचे पैसे मोजतो : वॉरंटी, ताजं मॉडेल, आत्ताच आलेल्या सोयी. पुढच्या वर्षी त्याहून ताजं काहीतरी येतं आणि आपण मोजलेल्या पैशांतला तेवढा भाग विरून जातो. म्हणून पहिल्या तीन-चार वर्षांत घसारा सर्वांत जास्त असतो. नंतर उतरण मंदावते आणि साधारण पंधरा ते वीस वर्षांच्या आसपास गाडी तळाला पोचते. खरी परीक्षा इथे असते. या वयात एखादी मोठी दुरुस्ती निघाली, की तिचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतो आणि बहुतेक गाड्या भंगारात जातात. तुमच्या वडिलांनी त्या काळात गाडी सांभाळली, आज मिळणारा भाव त्याचा आहे.

तळातून वर येणाऱ्या गाडीची नव्या गाडीशी स्पर्धा संपलेली असते. तिच्याकडून कोणी मायलेजची किंवा मोठ्या स्क्रीनची अपेक्षा करत नाही. पंधराव्या वर्षी जिचं चित्र भिंतीवर लावलं होतं, ती गाडी माणूस पंचेचाळीस-पन्नाशीत, हाती पैसा आल्यावर शोधायला लागतो. तोवर चांगल्या अवस्थेतल्या गाड्या मोजक्याच उरलेल्या असतात. फेरारी २५० जीटीओ १९६२ ते १९६४ या काळात फक्त ३६ तयार झाल्या. शर्यतींतून निवृत्त झाल्यावर त्या वापरलेल्या जुन्या रेसिंग गाड्या म्हणून किरकोळ पैशांत हात बदलत होत्या. त्यांतलीच एक २०१८ साली लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली.

कधीकधी कायदाही भाव चढवतो. अमेरिकेत २५ वर्षांपेक्षा जुनी परदेशी गाडी तिथल्या सुरक्षा नियमांच्या अटी न लागता आणता येते. त्यामुळे निस्सान स्कायलाइन जीटी-आर या जपानी गाडीची एकेक पिढी पंचविशीजवळ आली, की तिची मागणी वाढते.

एक गल्लत मात्र टाळा. २०२१ च्या सुमारास चिपच्या तुटवड्यामुळे नव्या गाड्या मिळेनात, तेव्हा साध्या वापरलेल्या गाड्याही महाग झाल्या होत्या. ती टंचाई होती. पुरवठा सुरळीत झाला आणि ते भाव ओसरले.

प्रश्न : माझ्याकडे अठ्ठावीस वर्षांची साधी चार दारांची गाडी आहे. कंपनीने अशा लाखो बनवल्या. थांबलो तर हिचीही किंमत वाढेल का?

बहुधा नाही. हे ऐकायला आवडणार नाही, पण वयामुळे भाव वाढत नाही. मर्सिडीजची ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे २०२२ मध्ये १३ कोटी ५० लाख युरोला विकली गेली आणि त्या बातमीनंतर पुष्कळ लोक आपल्या दारातल्या गाडीकडे नव्या नजरेने बघू लागले. तशा गाड्या जगात दोनच तयार झाल्या होत्या. तिच्या किमतीवरून तुमच्या गाडीबद्दल काहीच कळत नाही.

तरीही दार पूर्ण बंद नाही. फोक्सवॅगन बीटल दोन कोटींहून अधिक बनल्या, तरी जुन्या, चांगल्या बीटलला मागणी आहे, कारण ती असंख्य लोकांच्या आयुष्यात होती. तुमच्या गाडीचं तसं काही आहे का, ते बघा. तिच्यावर जीव टाकणारे मालक एकमेकांना ओळखतात का? सुटे भाग अजून कोणी बनवतं का? तिच्यात बसवलेलं एखादं इंजिन किंवा एखादी आवृत्ती लोक मुद्दाम शोधतात का? तिन्हींचं उत्तर नाही असेल, तर गाडी वापरा आणि तिचा आनंद घ्या.

गिअरबॉक्सकडेही लक्ष द्या. फेरारी एफ४३० नवी होती तेव्हा बहुतेक ग्राहकांनी जास्त पैसे देऊन स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी बदलणारा गिअरबॉक्स घेतला. हाताने गिअर टाकायच्या गाड्या कमी खपल्या. आज त्याच हाताच्या गिअरच्या गाडीला कितीतरी जास्त किंमत येते. त्या काळातली प्रगती मागे पडली, आणि गाडी स्वतः चालवल्याचा अनुभव देणारी गोष्ट दुर्मीळ झाली.

भाव कायम टिकतो असंही नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अनेक साध्या गाड्यांची मागणी आज मंदावली आहे, कारण ज्यांच्या तरुणपणाशी त्या जोडलेल्या होत्या ती पिढीच आता राहिलेली नाही.

प्रश्न : गाडी विकण्यापूर्वी पूर्ण रंग आणि नवी सीट कव्हरं करून घ्यावीत, असं गॅरेजवाला म्हणतो. खर्च वसूल होईल?

कृपा करून थांबा. सर्वांत जास्त नुकसान या एका निर्णयात होताना मी पाहत आलो आहे.

कारखान्यातून आलेला रंग गाडीला एकदाच मिळतो. तो थोडा फिका पडला असला, दारांच्या कडांना चरे असले, तरी जाणकार ग्राहकाला तोच हवा असतो, कारण मूळ रंगाखालचा पत्रा कधी ठोकलेला नाही, हे त्यावरून कळतं. ताजा चकचकीत रंग पाहिला की अनुभवी माणूस आधी संशय घेतो : याखाली काय झाकलं आहे? तो रंगाची जाडी मोजणारं यंत्र लावेल किंवा साधं लोहचुंबक फिरवेल. पुट्टी जाड असली की चुंबक धरत नाही.

गंज ही वेगळी बाब. त्यावर खर्च करावाच लागतो, आणि तो वरून दिसतो त्यापेक्षा आत जास्त असतो. दारांखालच्या पट्ट्या, चाकांवरच्या कमानी, सस्पेन्शन जिथे बसतं तो भाग, डिकीतल्या स्टेपनीखालची जागा, विंडस्क्रीनच्या रबराखालची कड या सगळ्या जागा बघून घ्या. सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागतो. वरून पुट्टी भरून रंग मारला, तर गंज आतून पसरतच राहतो आणि पुढच्या मालकाचा विश्वासघात होतो.

खर्च करायचाच असेल तर यांत्रिक कामावर करा : ब्रेक, कूलिंग, सस्पेन्शनची रबरं, इंधनाच्या नळ्या. जुने सुटे काढलेले भाग फेकू नका. मूळ रेडिओ, मूळ चाकं, मूळ स्टिअरिंग कपाटात ठेवा. इंजिन नंबर आणि चासी नंबर मूळ नोंदीशी जुळत असतील, तर त्याचा पुरावा जपून ठेवा. सर्व्हिसची बिलं, जुनी विमापत्रं, मालकाची पुस्तिका, दुसरी किल्ली हे सगळं एका फाइलमध्ये लावा. ती फाइल नव्या रंगापेक्षा जास्त पैसे मिळवून देते आणि तिला खर्चही काही येत नाही.

प्रश्न : आजच्या गाड्या तीस वर्षांनी अशाच मौल्यवान होतील का? मुलगा म्हणतो, इलेक्ट्रिक गाड्याच उद्याच्या क्लासिक ठरतील.

तुमच्या मुलाचा प्रश्न या सगळ्या विषयाच्या मुळाशी जातो. माझ्या मते जुन्या गाडीची किंमत टिकण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे ती दुरुस्त होते. कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, उघडून साफ करता येतो. डिस्ट्रिब्युटरचे, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाचे, पॉइंट घासून गॅप लावता येतो. भाग मिळालाच नाही, तर लेथवर बनवता येतो. ब्रिटनमध्ये एमजीबी या जुन्या स्पोर्ट्स गाडीची अख्खी बॉडी आजही नवी मिळते. कुशल मिस्त्री आणि एखादा चिवट मालक मिळून अशा गाडीला शंभर वर्षं चालती ठेवू शकतात.

आजच्या गाडीत डझनावारी कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीचे वेगवेगळे भाग चालवणारे छोटे संगणक, असतात. ती एकमेकांशी बोलतात आणि अनेकदा त्या एकाच गाडीच्या ओळख क्रमांकाला बांधलेली असतात. एक बिघडलं, तर दुसऱ्या गाडीतलं काढून नुसतं जोडून चालत नाही. टेस्लाच्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्सच्या सुमारे १,३५,००० गाड्या २०२१ मध्ये परत बोलावल्या गेल्या, कारण मधल्या स्क्रीनमागची मेमरी चिप सतत लिहून-लिहून झिजत होती. मोटर ठीक, पत्रा ठीक, आणि स्क्रीन बंद. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मोबाइल कंपन्यांनी ३जी नेटवर्क बंद केलं, तेव्हा कित्येक धडधाकट गाड्यांमधल्या इंटरनेटवर चालणाऱ्या सोयी कायमच्या गेल्या. गाडीचं आयुष्य असं बाहेरच्या सर्व्हरवर अवलंबून असलं, की गॅरेजमधला माणूस हतबल होतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं. कारण आजच्या कितीतरी गाड्या यंत्र म्हणून अप्रतिम आहेत.

पण कोणाला पुरेशी तळमळ असली, तर वाट निघते. मॅकलॅरेन एफ१ ही १०६ गाड्यांची मालिका नव्वदच्या दशकातली. तिच्या देखभालीसाठी त्याच काळातला कॉम्पॅक लॅपटॉप लागत असे, म्हणून कंपनीने ते जुने लॅपटॉप जपून ठेवले होते. पोर्शने आपल्या ९५९ च्या क्लचचा न मिळणारा भाग थ्रीडी प्रिंटिंगने बनवला. माझदाने एमएक्स-५ या छोट्या स्पोर्ट्स गाडीच्या पहिल्या पिढीसाठी भाग पुन्हा तयार करायला घेतले. कोट्यवधींच्या गाडीसाठी किंवा लाखो चाहत्यांच्या गाडीसाठी हे घडतं. मधल्या, साध्या गाड्यांसाठी कोण करणार, हा प्रश्न उरतो.

इलेक्ट्रिक गाडीत मोटर साधी आणि दणकट असते, अडचण बॅटरीची. सेल वापराने आणि वयाने दोन्हींनी झिजतात, म्हणजे गाडी न चालवता ठेवली तरी सुटका नाही. बॅटरीचा पॅक उघडून सेल बदलणं सर्वसामान्य गॅरेजच्या आवाक्यात आलं आणि कंपन्यांनी सॉफ्टवेअरच्या किल्ल्या मोकळ्या केल्या, तर तुमच्या मुलाचं म्हणणं खरं ठरेल. २००८ ची टेस्ला रोडस्टर तर आजच संग्राहक शोधतात, कारण त्या जेमतेम अडीच हजारांच्या आसपास बनल्या आणि एका नव्या पर्वाची सुरुवात तिथे झाली. गर्दीतल्या इलेक्ट्रिक एसयूव्हीबद्दल मला तेवढी आशा नाही.

प्रश्न : शेअर किंवा सोन्याऐवजी एखादी क्लासिक गाडी घेऊन ठेवली तर?

पैशाच्या हिशोबाने घेऊ नका. १९८० च्या दशकाच्या शेवटी भाव भडकले होते. १९८८ मध्ये एन्झो फेरारी गेल्यावर फेरारींच्या किमती आणखी उसळल्या. कर्ज काढून लोकांनी गाड्या घेतल्या आणि नव्वदच्या सुरुवातीला बाजार कोसळला. कित्येकांना मुद्दलही परत मिळालं नाही. शिवाय सोनं तिजोरीत पडून राहतं. गाडीला छप्पर, विमा, टायर, सर्व्हिस सगळं लागतं, आणि विकायला काढल्यावर योग्य ग्राहक यायला महिने जातात. जी गाडी भाव पडला तरी आनंदाने ठेवाल, तीच घ्या.

प्रश्न : किलोमीटर वाढू नयेत म्हणून गाडी आच्छादनाखाली बंद ठेवली आहे. हे बरोबर आहे ना? आणि कधीमधी मुलांना घेऊन बाहेर काढली तर सुरक्षित आहे का?

बंद ठेवणं बरोबर नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात. उभ्या गाडीची सील सुकून आकसतात, मग ऑइल गळायला लागतं. टाकीतलं पेट्रोल शिळं होतं आणि इथेनॉलमिश्रित असेल तर पाणीही ओढून घेतं. जुन्या रबरी नळ्यांना तर इथेनॉल मानवतच नाही. त्या बदलून इथेनॉल सोसणाऱ्या बसवा, नाहीतर गळतीतून आग लागण्याचा धोका असतो. दोन-तीन आठवड्यांतून एकदा गाडी काढा आणि इंजिन पूर्ण तापेपर्यंत, निदान अर्धा तास, चालवा. जागेवर पाच मिनिटं सुरू करून बंद करणं उलट वाईट, कारण आत जमलेला ओलावा वाफ होऊन निघून जात नाही. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला.

सुरक्षिततेबद्दल स्पष्ट सांगतो : जुनी गाडी अपघातात नव्याइतकी वाचवू शकत नाही. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षेवर काम करणाऱ्या विमा संस्थेने २००९ मध्ये १९५९ ची शेव्हरले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरले मालिबू समोरासमोर आदळवली. जाड पत्र्याच्या बेल एअरची केबिन चालकाच्या जागी चेपली. मालिबूची शाबूत राहिली. जड पत्रा म्हणजे भक्कम गाडी, ही समजूत अजूनही घरोघरी आहे. ती सोडून द्यायला हवी.

त्यामुळे मुलांना न्यायचं असेल तर मागे तीन बिंदूंचे (कंबर आणि खांदा दोन्ही धरणारे) सीटबेल्ट आधी बसवून घ्या. ते सीटच्या पत्र्याला स्क्रूने अडकवून चालत नाहीत. बॉडीतल्या मजबूत जागांवरच घ्यावे लागतात, म्हणून हे काम जाणकाराकडूनच करून घ्या. मुलांची सीट नीट बसत नसेल, तर त्यांना नव्या गाडीतून न्या. हमरस्ता आणि रात्र टाळा. टायरची नक्षी कितीही खोल असली तरी कडेवरचा चार आकडी शिक्का वाचा : पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. दहा वर्षं उलटलेली टायर दिसायला नवी असली तरी काढून टाका, आणि मुलं बसणार असतील तर तेवढीही वाट पाहू नका.