तिकिटं काढून झालीत, आणि वादळ येतंय

प्रश्न : नाना, मुलगा, सूनबाई आणि सहा वर्षांची नात शनिवारी मनालीला निघताहेत. भुसावळहून दिल्लीपर्यंत रेल्वे, पुढे भाड्याची गाडी. तिकडे सोमवारपासून बर्फाच्या वादळाचा ऑरेंज अलर्ट आहे, असं बातम्यांत सांगतात. मुलगा म्हणतो, "आई, बर्फ बघायलाच तर चाललो." हॉटेलचे पैसे भरून झालेत. अडवू की जाऊ देऊ?
— एक आई, रावेर तालुका

उत्तर : ताई, जाणं रद्द करायला लावू नका, तीन-चार दिवस पुढे ढकलायला लावा. मी सैन्यात 17 वर्षं गाडी चालवली, त्यातले चार हिवाळे काश्मिरात काढले. तुमचा मुलगा बर्फाला भीत नाही हे ठीकच आहे. मलाही भीती बर्फाची नाही, बर्फात अडकलेल्या गाडीची वाटते.

हे वादळ तुम्ही घरबसल्या ओळखता. उत्तरेत बर्फ पडून गेला की दोन-तीन दिवसांत आपल्याकडे गार वारा सुटतो, पारा दहाच्या खाली उतरतो आणि केळीवर थंडीचा चरका दिसू लागतो. ती त्याच वादळाची शेपटी. हवामान खातं त्याला पश्चिमी विक्षोभ म्हणतं. भूमध्य समुद्राकडून निघालेली ही हवा हिमालयाला येऊन धडकते. डिसेंबर ते मार्च असे विक्षोभ एकामागून एक येतात आणि मधे चांगल्या उन्हाचे दिवस मिळतात. मुलाला तेच दिवस गाठायला सांगा. बर्फ तेव्हाही असतोच, पळून जात नाही.

ऑरेंज म्हणजे तयारीत राहा. त्याचं रेड झालं तर घराबाहेर पाऊल टाकू नये. मनाली साधारण 2,050 मीटरवर आहे आणि अटल बोगद्याचं तोंड 3,000 मीटरच्या वर. हजार मीटर चढलं की सहा-साडेसहा अंश थंडी वाढते. म्हणून मनालीत नुसता पाऊस असला तरी वर बर्फ पडत असतो. अशा वेळी पोलीस साध्या गाड्या खालीच अडवतात, फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या गाड्याच वर सोडतात. ड्रायव्हर "काही होत नाही साहेब" म्हणाला तरी मुलाने पोलिसांचंच ऐकावं.

आता जे सांगतो ते मुलाला मोठ्याने वाचून दाखवा. बनिहालच्या अलीकडे एकदा आमचा ताफा रात्रभर अडकला. माझा एक जोडीदार इंजिन आणि हीटर चालू ठेवून, काचा लावून झोपला. पहाटे मी त्याचं दार बडवलं तर उठेना. गाडीच्या मागे जाऊन पाहिलं, तर सायलेन्सर बर्फात पुरता गाडलेला आणि धूर सगळा आत. आम्ही त्याला ओढून बाहेर घेतलं. ओठ लालभडक झालेले, उलट्या झाल्या, पण वाचला. या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. 2022 च्या जानेवारीत पाकिस्तानातल्या मरी गावाजवळ बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त माणसं गेली, त्यांतल्या काहींचा जीव अशाच धुराने गेला असावा, असं तेव्हा सांगितलं गेलं.

म्हणून गाडी अडकलीच तर आधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ हाताने उकरायचा आणि तो परत साचतो का हे दर थोड्या वेळाने उतरून बघायचं. हीटर तासाला दहा मिनिटं, तेवढा वेळ एक काच बोटभर खाली. गाडी सोडून चालत निघायचं नाही. 112 ला फोन करायचा, तिथला जिल्हा आपत्ती कक्ष 1077 वर मिळतो. हॉटेलात कोणी कोळशाची शेगडी खोलीत आणून दिली तर झोपण्याआधी ती बाहेर ठेवायची. धूर तोच, खोली असो की गाडी.

वादळ सरून लख्ख ऊन पडलं म्हणजे सगळं निवळलं असं मुलगा समजेल. तसं नसतं. नवा बर्फ पडल्यावरचा पहिला-दुसरा दिवस हिमस्खलनाचा, म्हणजे बर्फाचा कडा घसरण्याचा. शिवाय दुपारी वितळलेलं पाणी रात्री रस्त्यावर गोठतं. ते पांढरं दिसत नाही, ओला डांबरी रस्ताच वाटतो. म्हणून पहाटे गाडी काढायची नाही.

नातीला आतून सुती बनियन नको, ओलं झालं की अंगाला गार चिकटतं. लोकरीचं घाला, मोज्यांचे दोन जोड जास्तीचे द्या. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी चार दिवस पुरेल एवढी बांधून द्या, आणि तो डबा डिकीत टाकू नका, सीटजवळ ठेवा. अडकलेल्या गाडीची डिकी रात्री उघडत नाही, हे मी पाहिलंय.

आणि ताई, वादळ तिकडे सरलं की तुमच्याकडे निघेल. त्या रात्री बागेला पाणी द्या आणि बांधावर काडीकचऱ्याचा धूर करा.