सतारीचं काम की कुपवाडची नोकरी?

तुझा प्रश्न मला कळला तो असा. घरात तीन पिढ्या सतार-तंबोऱ्याचं काम. तू आयटीआय करून टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा, झालास आणि आता कुपवाड एमआयडीसीतून महिना 18 हजारांच्या नोकरीचं बोलावणं आलंय. अब्बांचा जवारीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून आवाज खुलवण्याचा, हात अजून पक्का आहे, पण दुकानात कधी चार कामं एकदम येतात, तर कधी महिना-दोन महिने कुणी फिरकत नाही. आईचं औषधपाणी आणि धाकट्या बहिणीचं शिक्षण समोर आहे. वाद्याचं काम तुला जिवापाड आवडतं आणि नोकरी धरली तर हातातली कला कायमची जाईल अशी भीती वाटते.

माझं मत आधी सांगतो. नोकरी घे. पण नवं वाद्य घडवणं आणि जवारी-दुरुस्ती ही दोन कामं मनात वेगवेगळी कर आणि जवारी काही झालं तरी सोडू नकोस. नोकरीही अशी बघ की तुझा कान आणि बोटं शाबूत राहतील. मी मिरजेतच वर्कशॉपची नोकरी करत तंबोऱ्याचं काम सांभाळत आलो, म्हणून इतक्या ठामपणे लिहितोय.

आपल्याकडे सगळे म्हणतात, 'धंद्यात पैसा नाही.' तसं सरसकट नाही. पैसा आहे, पण तो अडकून पडतो. एका तंबोऱ्याचा हिशोब मांडून बघ. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. पीक वर्षातून एकदाच, त्यामुळे मोठ्या घेराचे चांगले भोपळे निघाले की वर्षाचे एकदम घेऊन ठेवावे लागतात. त्या भागात अवकाळी पाऊस झाला तर मोठा भोपळा मिळतच नाही, मिळाला तर भाव वाढलेला. तो वाळायला काही महिने. तुणीचं लाकूड ओलं चालत नाही, तेही घेऊन मुरवत ठेवायचं. मग दांडी, गळा, तबली, खुंट्या, नक्षी, पॉलिश. पावसाळ्यात हवा दमट असते, सरस धरत नाही, लाखेच्या पॉलिशवर पांढुरकी झाक येते, म्हणजे ते महिने जवळपास हातावर हात ठेवून बसायचं. वाद्य तयार झालं की पुण्या-मुंबईचा दुकानदार ते उधारीवर नेणार आणि विकलं गेलं की पैसे देणार. पहिला रुपया खिशातून गेला तो दिवस आणि शेवटचा रुपया परत आला तो दिवस यांच्यात सहज वर्ष जातं. हे अंतर ज्या घराला पेलतं त्यानेच नवी वाद्यं करावीत. आईचं औषध दर महिन्याला आणावं लागतं अशा घराला ते आज पेलणार नाही. यात तुझ्या कौशल्याचा किंवा प्रेमाचा काही कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट अशी की चांगला तंबोरा पन्नास वर्षंही टिकतो. गिऱ्हाईक एकदा घेऊन गेलं की पुन्हा विकत घ्यायला येत नाही. त्यात शिकणारी बहुतेक मुलं आता इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा मोबाइलवरचं ॲप लावून बसतात. 2020 साली मैफली बंद झाल्या तेव्हा आपल्या गल्लीत ऑर्डरी कशा थांबल्या ते तू पाहिलं आहेस.

जवारीचं मात्र उलट आहे, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच दिसतं. घोडीच्या माथ्याला दिलेला तो बारीक उतार, त्यावरून तार जाते ती एका बिंदूवर न टेकता थरथरताना पृष्ठभागाला पुन्हा पुन्हा हलकेच शिवत राहते, म्हणून सुराबरोबर वरचे स्वर उमलतात. कानशीचा एक हात जास्त पडला की तार बोलायची थांबते, एक कमी पडला की ती नुसती झणझणते. पण तीच तार वाजवून वाजवून घोडीत खाच पाडते. जितका रियाज जास्त तितकी खाच लवकर. म्हणजे वाद्य जितकं वाजेल तितकं ते जवारीसाठी परत येणार. अगदी ॲपवर रियाज करणारा गायकसुद्धा मैफलीला बसताना दोन खरे तंबोरे मागे ठेवतो, आणि त्यांची जवारी त्याला त्याच्या पट्टीला जुळवून हवी असते. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव असतो, थंडीभर सगळीकडे मैफली होतात, त्याच्या आधीचे आठवडे जवारीवाल्याला फुरसत नसते. या कामात भांडवल म्हणजे एक कानस, पॉलिश पेपर, दोरा आणि कान. भोपळा घ्यायचा नाही, लाकूड साठवायचं नाही, उधारी नाही. पैसे वाद्य नेतानाच मिळतात.

म्हणून 'धंदा की नोकरी' असा प्रश्न घालू नकोस. अब्बांची वही काढ, मागच्या तीन वर्षांची. वर्षाची बेरीज करू नकोस, ती फसवी असते. नव्या वाद्याचे पैसे कधी गेले आणि कधी आले त्या तारखा शेजारी शेजारी लिही. जवारी, खुंटी, तारा, पडदे बांधणं, फुटलेला भोपळा सांधणं या कामांचे पैसे वेगळ्या रकान्यात घाल. सलग किती महिने रिकामे गेले ते बघ. बहुतेक घरांत असं दिसेल की रिकाम्या महिन्यांत चूल दुरुस्तीवर पेटली. अब्बांना हे ठाऊक असणार, पण ते कधी मांडून बघितलेलं नसतं, कारण आपल्यात मान वाद्य घडवणाऱ्याला, दुरुस्तीला जोडकाम समजतात. मला हे कधीच पटलं नाही. तयार दांडी-भोपळा कुणीही आणून जोडू शकतो. त्याला आवाज जवारीवाला देतो.

आता नोकरीबद्दल. 'स्थिर' हा शब्द ऐकून हुरळून जाऊ नकोस. आपल्या एमआयडीसीतली बरीच भरती कंत्राटदारामार्फत होते, आणि ती नोकरी दुकानाइतकीच डळमळीत असू शकते. पगाराआधी चार गोष्टी विचार. हजेरीपटावर नाव कंपनीच्या की कंत्राटदाराच्या? भविष्यनिर्वाह निधीचे 12 टक्के कापून मालकाचा वाटाही भरला जातो का? ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड मिळेल का? त्यासाठी पगाराची सध्याची मर्यादा महिना 21 हजारांची आहे, म्हणजे तू त्यात बसतोस, आणि त्या कार्डावर तुझ्यावर अवलंबून असलेल्या आईचे उपचारही होऊ शकतात. तुझ्या घराला हे कार्ड पगाराच्या काही हजारांइतकंच मोलाचं आहे. आणि चौथं म्हणजे कोणता विभाग.

या चौथ्या गोष्टीवर मी जरा थांबतो, कारण हे तुला दुसरं कुणी सांगणार नाही. फाउंड्रीत फेटलिंगला (ओतलेले भाग घासून-तोडून साफ करतात तिथे), हातोडा चालतो तिथे, प्रेसवर, दिवसाचे आठ तास काढलेस तर कान जातो. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे, पण ती कामगाराला ऐकू येत राहावं एवढ्या हिशोबाने. जवारीवाल्याला नुसतं ऐकू येऊन भागत नाही. त्याला षड्जाच्या तारेतून वर उमलणारा गंधार ऐकू यावा लागतो. मोठ्या आवाजाने कान जातो तो आधी वरच्या स्वरांना, आणि बोलणं-चालणं सगळं नीट ऐकू येत असल्यामुळे माणसाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. एकदा गेलेला परत येत नाही. तेव्हा सीएनसी टर्निंग, तपासणी किंवा टूल रूम यांपैकी काही मिळत असेल तर ते माग, हजार-दीड हजार कमी मिळाले तरी. कानातले बोळे पहिल्या दिवसापासून घाल, शेजारचे काहीही म्हणोत. चुरा कधीही उघड्या हाताने ओढू नकोस. बोटाची टोकं फाटली की तारेवरचा अंदाज जातो.

याच कारणाने संध्याकाळी येऊन जवारी करेन हा बेत बाजूला ठेव. पाळीवरून आल्यावर कान काही तास बधिर असतो, तुला ते जाणवतही नाही. त्या वेळी काढलेली जवारी सकाळी ऐकलीस तर ती उघडी पडलेली असते, कारण कमी ऐकू येतं म्हणून आपण जास्त घासतो. संध्याकाळी खुंट्या बसव, तारा चढव, पॉलिश कर. जवारीला पहाटेची वेळ दे, गल्ली जागी व्हायच्या आत. दुसरी पाळी मिळाली तर सोन्याहून पिवळं, सकाळ पूर्ण तुझी. तासभरच बसलास तरी चालेल, पण अब्बांच्या शेजारी बस. हे काम पुस्तकातून येत नाही आणि अब्बांचा कान आज चांगला आहे, दहा वर्षांनी तसाच असेल असं धरून चालू नकोस. नोकरीसाठी वयाची अजून काही वर्षं हाताशी आहेत, हे शिकायला मात्र तेवढी नाहीत. सुरुवातीला गिऱ्हाइकाच्या वाद्याला हात लावू नकोस. घरात जुन्या घोड्या पडलेल्या असतील, त्या घे, एकाच तंबोऱ्यावर पुन्हा पुन्हा चढव. एक पुरुषी पट्टीला, एक बायकी पट्टीला लाव आणि दोन्हींत फरक का पडतो ते अब्बांना विचार.

सरकारी आधाराबद्दल तू विचारलंस. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला वेगवेगळं भौगोलिक मानांकन मिळालं, ही आपल्या सगळ्यांसाठी मोठी गोष्ट आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या माणसांनी एकोणिसाव्या शतकात सतारी दुरुस्त करता करता घडवायला घेतल्या आणि गावाचं नाव झालं, त्याला कायद्याचा शिक्का मिळाला. (सुरुवात दुरुस्तीपासून झाली हे लक्षात घे.) पण मानांकन नाव राखतं, ऑर्डर आणून देत नाही. तू एवढं कर की अधिकृत वापरकर्ता म्हणून अब्बांच्या नावाबरोबर स्वतःच्या नावाचीही नोंदणी कर. ती आज फार उपयोगी पडणार नाही, पुढे बाहेरगावचं, परदेशातलं गिऱ्हाईक थेट आलं तर पडेल. पीएम विश्वकर्मा योजनेवर मात्र भिस्त ठेवू नकोस. 2023 ला ती आली तेव्हा यादीत 18 व्यवसाय होते, सुतार होता, वाद्य घडवणारा नव्हता.

घरच्यांशी बोलण्याचं अवघड वाटतंय असं तू लिहिलंस. अब्बा 'जा नोकरीला, यात काही राहिलं नाही' म्हणाले असतील तर ते तुझ्या काळजीपोटी. त्यांना दुकान बंद व्हावंसं वाटतंय असा त्याचा अर्थ काढू नकोस. त्यांना सरळ सांग की पगार घरात येईल, नवी वाद्यं ऑर्डर आणि अर्धे पैसे आगाऊ असतील तरच करायची आणि पाटीवर 'जवारी व दुरुस्ती' मोठ्या अक्षरांत घालायची. आगाऊ पैसे मागायला जुनी माणसं लाजतात. ते बोलणं तू कर. पुणे, कोल्हापूर, बेळगावच्या गाणं शिकवणाऱ्यांकडे जा, त्यांच्या क्लासातले तंबोरे वर्षानुवर्षं तसेच पडलेले असतात. वर्षातून एकदा जवारी करून द्यायची बोली केलीस तर तेही बांधलेलं उत्पन्नच आहे. रविवारी एका क्लासात बसलास तर दिवसात दोन-तीन वाद्यं होतात आणि वाद्य प्रवासात फुटायची भीती राहत नाही.

नियुक्तीपत्र हातात आलं की सही करण्याआधी मला दाखव. त्यावर कंत्राटदाराचं नाव असेल आणि विभाग फेटलिंगचा असेल तर मी तुला हे घेऊ नकोस म्हणेन. तू आयटीआय टर्नर आहेस, दुसरी नोकरी मिळेपर्यंत दुरुस्तीवर दोन-तीन महिने निघतील का एवढं वहीत बघून सांग.