अँजिओग्राफी नॉर्मल, तरी इकोत 'एलव्ही ॲन्युरिझम' कसा काय?

तुमच्या वडिलांच्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याला फुगा, म्हणजे 'एलव्ही ॲन्युरिझम', दिसला आणि अँजिओग्राफीत हृदयाच्या रक्तवाहिन्यांत एकही ब्लॉक नाही, म्हणून रिपोर्ट चुकला का, असं तुम्ही विचारलंय. चुकलाच असेल असं नाही. हार्ट अटॅक हे नेहमीचं कारण, पण एकमेव नाही. आधी बघायचं ते फुगा नेमका कुठे आहे.

कप्प्याच्या टोकाला असेल तर हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीची (हृदयाचा स्नायू अवाजवी जाड होण्याच्या आजाराची) शंका घ्यावी. कप्प्याच्या मधोमध स्नायू जाड झाला की आकुंचनाच्या वेळी टोकाकडचं रक्त तिथेच कोंडतं. तो दाब वर्षानुवर्षं सोसून टोकाचा स्नायू मरतो, पातळ होतो. साध्या इकोत टोक बऱ्याचदा नीट येत नाही, त्यामुळे असे फुगे निसटतात. कॉन्ट्रास्ट इको (शिरेतून द्रव्य देऊन केलेला इको) किंवा एमआरआयमध्ये सापडतात. दक्षिण अमेरिकेत टोकाचा फुगा दिसला की चागास आजार (तिकडचा, किड्यामार्फत पसरणारा परजीवीचा संसर्ग) तपासतात. वडील तिकडे राहिले नसतील तर तो विषय सोडा.

मायट्रल झडपेच्या मागच्या पाकळीखाली असेल तर तो सबमायट्रल (झडपेखालचा) फुगा, बहुधा झडपेच्या जन्मजात कमकुवत कडेमुळे. त्यात झडप गळते आणि उपाय बहुतेकदा शस्त्रक्रियाच.

दोन कप्प्यांमधल्या पडद्याचा वरचा भाग पातळ, सोबत हार्ट ब्लॉक (रक्तवाहिनीतला नव्हे, ठोक्यांच्या विद्युत संदेशातला अडथळा) किंवा व्हीटी (खालच्या कप्प्यातून येणारे धोकादायक जलद ठोके), असं असेल तर सारकॉइडोसिस (अवयवांत सुजेच्या गाठी होणारा आजार). इथे आपल्याकडे खरी गोची होते, कारण टीबीही असंच चित्र उभं करतो. सारकॉइडला स्टेरॉइड देतात. निदान न झालेल्या टीबीत नुसतं स्टेरॉइड दिलं तर तो पसरतो. म्हणून पेट स्कॅनमध्ये (साखरेसारखं किरणोत्सारी द्रव्य देऊन केलेल्या) छातीतली गाठ चमकली तर आधी तिची बायोप्सी, मग औषध. या पेट स्कॅनआधी भात, पोळी, साखर बंद ठेवून नंतर किमान १२ तास उपाशी राहावं लागतं. हे पाळलं नाही तर निरोगी हृदयही चमकतं आणि पैसे वाया जातात.

माझ्या मते सगळ्यात उपयोगी तपासणी म्हणजे गॅडोलिनियम (व्रण उठून दिसावा म्हणून शिरेतून देतात ते द्रव्य) देऊन केलेला कार्डियाक, म्हणजे हृदयाचा, एमआरआय (आधी किडनीसाठी क्रिएटिनिन बघून). अटॅकचा व्रण आतल्या थरापासून सुरू होतो. सारकॉइड किंवा मायोकार्डायटिसचा (हृदयाच्या स्नायूला आलेल्या सुजेचा) बहुधा मधल्या किंवा बाहेरच्या थरात, तुटक तुटक. व्रण आतल्या थरातलाच निघाला तर गुठळी येऊन विरघळलेला जुना अटॅकही असू शकतो, अँजिओग्राफी स्वच्छ असली तरी.

फुग्याचं तोंड अरुंद आहे का, हेही विचारा. तोंड अरुंद आणि पोट मोठं असेल तर तो फॉल्स ॲन्युरिझम (भिंत फाटून बाहेरच्या आवरणाने जेमतेम अडवलेला फुगा) असू शकतो. तो फुटतो, त्यामुळे सर्जनला लगेच दाखवायचं. खरा ॲन्युरिझम सहसा फुटत नाही. त्यात भीती गुठळीची आणि व्हीटीची. गुठळी दिसली तर रक्त पातळ करणारी गोळी (वॉरफरिन असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालं ते सांगणारा आकडा, २ ते ३), ठोक्यांसाठी २४ ते ४८ तासांचं होल्टर (अंगावर लावून ठेवायचा ईसीजी). हायपरट्रॉफिकमध्ये टोकाचा फुगा हेच आयसीडीचा (घातक ठोके शॉक देऊन थांबवणाऱ्या, शरीरात बसवायच्या यंत्राचा) विचार करायला पुरेसं कारण मानतात. चक्कर येऊन शुद्ध हरपली असेल तर होल्टरच्या तारखेची वाट न बघता भरती करा.